कोमट

पुण्यात, कसबा पेठेतल्या एका बोळात पोपट दुधाणेचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, आत तीन मेलेले फ्रिज आणि बसायला एक स्टूल. पाटीवर फोन नंबर आहे, पण लोक त्याला ओळखतात ते हातावरून. पोपट फ्रिजच्या पाठीला तळहात लावायचा, डोळे मिटायचा, मनात तीन आकडे मोजायचा आणि सांगायचा: गॅस गेलाय. किंवा, गॅस आहे, कॉम्प्रेसर दमलाय. किंवा, काही झालेलं नाही, दाराचं रबर धुवा. बत्तीस वर्षांत तो चारदोन वेळाच चुकला असेल.

गेल्या वर्षीपासून त्या हाताला काही कळत नव्हतं.

सुरुवात बोटांच्या टोकांपासून झाली. कैरीचा चीक वाळून बसावा, तसं काही तरी बोटांवर बसलं होतं. धुऊन जात नव्हतं. मग ते तळहातावर आलं. साखरेचा त्रास त्याला जुनाच होता, गोळी तो आठवेल तेव्हा घ्यायचा. हाताचं त्यानं कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, बायकोला म्हणजे मालनलाही नाही. सांगितलं असतं तर दुकानात काय उरलं असतं? तीन मेलेले फ्रिज आणि एक स्टूल.

जानेवारीत धाकटा भाऊ गेला. वैकुंठ स्मशानात पोपट चितेच्या पुष्कळ जवळ उभा राहिला. आच चेहऱ्याला लागली, हातांना लागली नाही. आपल्याला रडू येत नाहीये, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

कामात त्यानं वाट काढली होती. वाकून बघितल्यासारखं करायचं आणि पाइपाला गाल लावायचा. मंडईतला एक फळवाला एकदा म्हणालाच, "काय पोपटराव, पाइपाचा मुका घेताय का काय?" सगळे हसले. पोपटही हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं बुधवार पेठेतून तापमान दाखवणारं एक छोटं यंत्र आणलं आणि पिशवीत तळाला, चिंध्यांखाली ठेवून दिलं. गिऱ्हाईक पाणी आणायला आत गेलं की तो ते बाहेर काढायचा.

चैत्रातल्या एका दुपारी एरंडवण्यातून गोपाळकृष्ण आठल्यांचा फोन आला. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, जुने गिऱ्हाईक. आवाज दबलेला.

"पोपटराव, फ्रिज गार करत नाहीये. मोठा नव्हे. छोटा. आल्यावर सांगतो. आणि बेल वाजवू नका, आई झोपलेली असते. फोन करा, मी दार उघडतो."

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आठल्यांनी दार अर्धंच उघडलं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी सागवानी रंगाचं एक बुटकं कपाट होतं. त्याची किल्ली आठल्यांच्या जानव्याला होती. त्यांनी कपाट उघडलं. आत काचेच्या दाराचा, कमरेएवढा उंच, काळा फ्रिज. निळा दिवा. आकडा सत्तावीस.

"वाइनचा आहे," आठले कुजबुजले. "मुलानं पाठवला बंगळूरहून. मी शनिवारी एक ग्लास घेतो. डॉक्टरच म्हणतात, हृदयाला बरी असते."

"कुठले डॉक्टर?"

"पेपरातले," आठले म्हणाले. "आईला सांगितलंय, हा इन्व्हर्टर आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई. आता या वयात तिला कशाला धक्का द्या?"

कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्यानं दोन तारा लावल्या, फोनमध्ये बघितलं आणि नवीन घ्या म्हणून निघून गेला. "मी म्हटलं, पोपटरावांना बोलावू. आमच्या मोठ्या फ्रिजच्या वेळी तुम्ही नुसता हात लावला होतात, आठवतंय? मीटरबिटर काही नको. हात लावा आणि सांगा."

पोपटनं मान हलवली. आठले पाणी आणायला आत जातील, अशी त्याला आशा होती. ते खुर्ची ओढून समोरच बसले.

त्यानं आधी बाटल्या बाहेर काढल्या. चारच होत्या. खालच्या खणात, मागं, एक छोटी बरणी होती. गुलकंद.

"हा इथं कुणी ठेवला?" आठले म्हणाले. "हिनंच ठेवला असणार. येऊ दे बँकेतून."

पोपट फ्रिजकडं वळला. ही जात त्याला माहीत होती. यात कॉम्प्रेसर नसतो, गॅसही नसतो. बिस्किटाएवढी एक प्लेट असते. तिच्यातून वीज वाहिली की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. गार बाजू आत, तापलेली मागं. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पात्या आणि एक पंखा, ती उष्णता बाहेर फेकायला. उष्णता बाहेर गेली नाही, तर प्लेट दोन्ही अंगांनी तापते आणि फ्रिज नुसता दिवा लावून बसतो. त्यामुळे बघायचं ते पाठीमागंच.

त्यानं फ्रिज ओढून बाहेर घेतला आणि थांबला. पाठ आणि कपाटाची फळी यांच्यामध्ये जुन्या गोधडीचा तुकडा ठासून भरला होता.

"हे काय?"

"आवाज यायचा हो. घूं घूं. इन्व्हर्टर लाइट असताना घूं घूं करत नाही. आई विचारायला लागली."

पोपटनं गोधडी उपसली. मागची जाळी काढली. गोधडीचा लाल दोरा पंख्याच्या दांड्याला पंचवीस वेढे घालून बसला होता. पंखा गप्प होता. दोष डोळ्यांना दिसला होता. हात लावायची खरं तर गरजच नव्हती. पण आठले खुर्चीवर पुढं सरकले होते, गाण्याच्या बैठकीत सरकतात तसे.

"लावा हात," ते म्हणाले.

फ्रिजची वायर अजून प्लगमध्येच होती. पोपटला ते ठाऊक होतं, आणि नव्हतं. बत्तीस वर्षांच्या सवयीनं तळहात पात्यांवर टेकला. डोळे मिटले. एक. दोन. तीन. काही आलं नाही. त्यानं पुन्हा मोजलं. काही तरी येईल म्हणून वाट बघितली. अंधाऱ्या खोलीत आपण कुणाला हाक मारतो आणि खोलीत कुणी आहे की नाही तेच कळत नाही, तसं झालं. काही तरी सांगायला हवं होतं.

"कोमट आहे," तो म्हणाला.

"अहो, काढा तो हात!"

दारात वॉकर धरून आठल्यांची म्हातारी आई उभी होती. माई. "गोपू, हात ओढ त्यांचा! वास येतोय, कळत नाही?"

आठल्यांनी मनगट धरून हात ओढला. तळहातावर पांढऱ्या पट्ट्या उठल्या होत्या, पात्यांच्या मापाच्या, एकीशेजारी एक. आठल्यांनी स्वतःचं बोट पात्यांना लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. ते पोपटकडं बघत राहिले. पोपट तळहाताकडं. दुसऱ्याचीच वस्तू कुणी तरी आपल्याकडं ठेवायला द्यावी, तसा तो हात दिसत होता.

माईंनी त्याला बेसिनपाशी नेलं. नळ सोडला. "धरा. काढू नका. दुखतंय?"

"नाही."

"दुखत नाही, तेच वाईट. आमच्या यांचं पाऊल असंच होतं. खिळा टोचलेला दोन दिवस कळला नव्हता." त्यांनी नळ आणखी सोडला. पाणी वाहत राहिलं. "घरी माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही."

"असं तुम्हाला वाटतं."

पाण्याखालून हात काढल्यावर पोपटनं त्यावर ओला रुमाल गुंडाळला आणि डाव्या हातानं काम पुरं केलं. वायर काढली. चिमट्यानं दोरा उलगडला. पंखा जळाला होता. तसाच दुसरा पिशवीत होता. प्लेटवरची जुनी मळी खरवडून उष्णता वाहून नेणारं नवीन पांढरं मलम लावलं. आठल्यांनी बॅटरी धरली. पिशवीच्या तळातून पोपटनं ते छोटं यंत्र सगळ्यांसमोर काढलं. पात्यांना लावलं. लपवायचं काही उरलं नव्हतं.

"कपाटात परत ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "मागं चार बोटं जागा पाहिजे. दार पण नको. याला श्वास लागतो."

"म्हणजे दिसणार," आठले म्हणाले, आणि आईकडं बघून थांबले. "म्हणजे, इन्व्हर्टर..."

"इन्व्हर्टर म्हणे!" माई म्हणाल्या. "चार वर्षांत एकदा तरी लाइट गेल्यावर चालला का? आणि माझा गुलकंद कुठं गेला त्यातला?"

"तो तू ठेवलायस? किल्ली?"

"तू संडासला जाताना जानवं कानाला लावतोस, किल्ली खुंटीला." त्या खुर्चीत बसल्या. "एका घरात राहून कुणी काय लपवणार रे? बोलत नाही म्हणजे दिसत नाही का?"

आठले हसले नाहीत. थोड्या वेळानं हसले.

पंखा फिरत होता. घूं घूं येत होतं. पाऊण तासानं आकडा एकवीसवर आला. "आता हात ला..." आठले म्हणाले आणि जीभ चावली.

"माई," पोपट म्हणाला, "तुम्ही बघा."

माईंनी सुरकुतलेला हात आत घातला. डोळे मिटले नाहीत. "गार येतंय," त्या म्हणाल्या. "फार नाही. पण येतंय."

तो घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. एका हातानं स्कूटर चालवायला वेळ लागला. मालन ओट्यापाशी होती. तिनं रुमाल बघितला. कसं झालं, हे विचारलं नाही. रुमाल सोडला, पट्ट्या बघितल्या, फळीवरून मलम काढून लावलं. ते मलम घरात कधी आलं, त्याला माहीत नव्हतं. ट्यूब निम्मी संपलेली होती. बोटांवर सकाळी दिसणारा चिकट तेलकटपणा त्याला आठवला. तो त्याला ग्रीस समजत होता.

मग तिनं चहा केला. कप त्याच्यापुढं ठेवला नाही. ओट्यावरच ठेवला आणि कपाजवळ उभी राहिली. बराच वेळ. हल्ली घरात सगळंच सावकाश होतं, असं त्याला वाटायचं. चहा उशिरा. आंघोळीचं पाणीही पूर्वी तो स्वतः काढायचा, हल्ली ती काढते आणि कोपरापर्यंत हात बादलीत घालून उभी राहते. साबण पडला असेल, असं तो समजायचा.

तिनं कपाला बाहेरून बोट लावलं. "निवला. घ्या."

"कधीपासून?" पोपटनं विचारलं.

ती समजली. "गणपतीपासून. तव्यावरची भाकरी हातानं उलटलीत आणि हात तिथंच ठेवलात. गप्पा मारत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

त्यानं चहा घेतला. हातातल्या कपाचं वजन कळत होतं, बाकी काही नाही. जिभेला कळलं. कोमट. आपल्याला आता काही तरी वाटायला हवं, असं त्याला वाटलं. आत कुठं तरी पंखा फिरायला लागल्यासारखं झालं, किंवा झालं नसेल.

"उद्या मंडईतल्या फळवाल्याचा डीप फ्रीझर आहे," तो म्हणाला. "पाइपाला हात लावायला कुणी तरी लागेल."

मालननं कप उचलून धुवायला घेतला. "मला गार आणि गरम एवढंच कळतं."

"तेवढंच लागतं."

"बरं," ती म्हणाली. "पण आधी डॉक्टर. मग फळवाला."