कांदा निवडणाऱ्या मावशी

पुन्हा निर्यातबंदी येणार म्हणून लासलगावला विरोधाच्या सह्या गोळा करत होतो. व्यापाऱ्याच्या खळ्यावर एक मावशी कांदे निवडत होत्या. परदेशी जाणारा मोठा कांदा एकीकडे, बारका दुसरीकडे; नजर मात्र माझ्यावर.

"सही करा मावशी. सरकार शेतकऱ्याला लुटतंय!"

"लुटतंयच. बंदी आली की निवडायलाबी कोणी बोलवत नाय."

"मग करा ना!"

हात थांबला. "पोरगी नाशकात अंबडला कामगारांची खानावळ चालवती. कांदा महागला की तिची चूल बंद. सांग भाऊ, करू?"

नाशकात महागाईविरोधी पत्रकंही मीच वाटली होती.

मावशींनीच कागद ओढला. "दे, करते. पोरीला सांगू नको."

सही घेऊन निघालो. चिडायचं नेमकं कोणावर, ते अजून कळत नाही.