आखूड दाव्याची बोट

हौशीरामला राग यायचा तो दोनच गोष्टींचा. कोणी 'हे तुला जमायचं नाही' म्हटलं तर, आणि नंतर ते खरं निघालं तर. एरवी माणूस लोण्याहून मऊ. पवना धरणाच्या काठाला त्याची भाताची खाचरं होती, पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या, आणि साठी उलटली तरी न फिटलेली एक हौस होती. बायकोला, अंबूबाईला, एकदा बोटीत बसवून धरणाच्या पाण्यावरून फिरवायचं.

यात काय मोठंसं, असं वाटेल. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची माणसं तेच तर करायला येतात. पण अंबूबाईचं माहेर त्या पाण्याखाली होतं. ती परकरी पोर असताना धरण भरलं. घर गेलं, गोठा गेला, देऊळ गेलं, आणि पुढं तिचं लग्न लागलं ते पत्र्याच्या शेडमध्ये. तेव्हापासून तिने त्या पाण्यात पायाचा अंगठा बुडवला नव्हता. धुणं विहिरीवर, गुरं ओढ्यावर. "त्या पान्याचं आन् माजं बोलनं न्हाई," असं ती भांडलेल्या जावेबद्दल सांगावं तसं सांगायची. हौशीराम ते हसण्यावारी न्यायचा, पण त्याला ते लागायचं. जिने आपल्या सगळ्या उद्योगांवर जन्मभर पांघरूण घातलं, ती माहेराकडे पाठ करून बसते, हे त्याला बघवत नव्हतं.

म्हणून त्याने बोट घेतली. तीही साधीसुधी नव्हे, केबिनवाली. आत दोन बाकं, निजायला गादी, चहाची शेगडी आणि कपाटाएवढी मोरी. लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याने ती हौसेने आणली होती आणि नंतर तिच्यावर कुंड्या मांडल्या होत्या. भागीदार होता श्रीपाद, तळेगावजवळ वराळ्यात राहणारा, कारखान्यात विजेच्या कामात हयात घालवून निवृत्त झालेला. हौशीरामच्या खोलीत एकदा पाहुणा म्हणून आला आणि दोस्त होऊन गेला. नवरा दिवसभर घरात दिसतो म्हणून वैतागलेल्या चंद्रिकावहिनींनी या भागीदारीला आनंदाने होकार दिला, एवढंच नव्हे तर डबाही बांधून दिला.

पहिलं भांडण नावावरून झालं. श्रीपादला काहीतरी सुटसुटीत इंग्रजी हवं होतं. हौशीरामने कामशेतचा ट्रक रंगवणारा पेंटर आणला आणि श्रीपाद यायच्या आत पुढं 'आईचा आशीर्वाद' आणि मागं 'पुन्हा भेटू' लिहून घेतलं. वर लिंबू-मिरची. श्रीपादने चष्मा पुसला आणि डबा उघडला.

दुसरं भांडण धक्क्यावरून. दिवाळीत धरण तुडुंब होतं, तेव्हा हौशीरामने काठावर सिमेंटचा झकास ओटा बांधला. श्रीपाद म्हणाला, "भाऊ, धरणाचं पाणी खाली-वर होतं. पिंपांवर फळ्या टाकून तरता धक्का करू. पाण्याबरोबर तोही हलेल."

"सायेब, मी ह्या काठाला जलमलो. मला पानी शिकवताय?"

संक्रांतीपर्यंत पाणी इतकं खाली गेलं की ओट्यावर बायका पापड वाळत घालू लागल्या. मग गुपचूप निळी पिंपं आली, फळ्या आल्या, आणि 'मी आदीच म्हनलंतं' हे वाक्य हौशीरामने स्वतःच म्हणून टाकलं.

दोरीच्या बाबतीत मात्र तो ऐकेना. बोटीला तो बैलासारखी आखूड दाव्याने बांधायचा, नाक अगदी खुंटीशी. लांब दावं दिलं की जनावर रात्रीत दुसऱ्याच्या शेतात तोंड घालतं, हा चाळीस वर्षांचा अनुभव. "हे जनावर नाही, भाऊ. पाणी हललं तर तिला हलायला जागा नको?" श्रीपाद म्हणायचा. "हलूच नये म्हनून तर बांदतोय," असं उत्तर मिळायचं.

आणि वीज! बोटीत दोन बॅटऱ्या, पंखा, दिवे, गार पाण्याचा छोटा फ्रिज. काठावरच्या खोलीतून वायर आणून धक्क्यावर पेटी बसवली, म्हणजे बोट धक्क्याला लागली की बॅटऱ्या भरायच्या. इथपर्यंत श्रीपादच्या मनासारखं. पण मोरीची टाकी भरायला एक पंप होता, काठाच्या विजेवर धरणातून पाणी ओढणारा, आणि त्याला हौशीरामने बसवला ऑटो. मावळात शेतकऱ्याच्या पंपाला ऑटो असतोच. वीज कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून पेटीत एक डबी बसवायची. लाइट आली की मोटर आपली आपण चालू, मालक झोपलेला असो की सोयऱ्याकडे. शेताचं ठीक आहे. जास्तीचं पाणी बांधावरून खालच्या खाचरात जातं. बोटीला खालचं खाचर नसतं.

"पंप हातानेच चालू करायचा, आणि आपण समोर उभं राहायचं," श्रीपादने बजावलं.

"व्हय व्हय," हौशीराम म्हणाला. त्याचं 'व्हय' दोनदा आलं की ते 'न्हाई' असतं, हे अंबूबाईला ठाऊक होतं, श्रीपादला नव्हतं.

चैत्रात अंबूबाईच्या माहेरच्या देवाची जत्रा. देव कधीचा टेकडीवर आणून बसवलेला, जत्रा तिथंच भरते. त्या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, भाकरी थापता थापता ती म्हणाली, "जुन्या देवळाच्या जागंवर नारळ सोडायचा व्हता. नेता का तुमच्या त्या पेटाऱ्यातनं?"

हौशीरामने हातातला घास परत ताटात ठेवला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते भाकरीच्या तुकड्याबरोबर पुढ्यात आलं होतं. त्याने बोट धुतली, पुसली, झेंडूच्या माळा आणायचं ठरवलं. जत्रेचा आदला दिवस गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद असण्याचा वार. अंबूला बोटीत हातपाय धुवायला टाकी भरलेली हवी म्हणून त्याने पंपाचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. गुरुवार आहे हे आठवलं, त्याने बटण तसंच ठेवलं, आणि तो फुलं-नारळ आणायला कामशेतला गेला.

दुपारनंतर लाइट आली. ऑटोने इमानेइतबारे आपलं काम केलं. टाकी भरली, मोरी भरली, मग केबिन भरली. बोट जड होऊन मागून बसायला लागली, आणि नाक आखूड दाव्याने खुंटीशी बांधलेलं, त्यामुळे ती तिरपी झाली आणि उरलेलं पाणी धरणाने स्वतःहून भरलं.

श्रीपाद उद्याच्या तयारीला स्कूटरवरून आला तेव्हा पाण्याबाहेर फक्त पुढचं टोक दिसत होतं. त्यावर लिंबू-मिरची, आणि खाली 'आईचा आशीर्वाद'. त्याने आधी धावत जाऊन खोलीतला मेन स्विच पाडला, मग बसला. थोड्या वेळाने हौशीराम आला, हातात माळा, पिशवीत नारळ. माळा फळीवर ठेवून तोही शेजारी बसला.

अंबूबाई काठाच्या वर येऊन उभी राहिली. तिने एकवार पाहिलं. हौशीरामला वाटलं, ओरडेल, निदान हसेल तरी. ती म्हणाली, "मी म्हनलं न्हवतं, ह्या पान्याला आमी चालत न्हाई?" आणि परत गेली. जाताना ऑटोची डबी तेवढी मागून घेतली. घरी मिठाच्या बरणीशेजारी ती बरेच दिवस दिसत होती.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. बोटीचं त्याला फारसं दुःख नव्हतं. बायकोने एकदाच हात पुढं केला होता आणि आपण त्यावर पाणी ओतलं, हे त्याला खात होतं. "आता ती पुना न्हाई म्हनायची, सायेब," तो श्रीपादला म्हणाला.

बोट वर काढायला ट्रॅक्टर चिखलात उतरेना. मग दोघांनी धरणाचीच वाट पाहिली. वैशाखात पाणी हटत गेलं आणि बोट काठापासून बरीच खाली, भेगाळलेल्या गाळावर उघडी पडली. श्रीपादने इंजिन खोलून साफ केलं, सगळ्या वायरी नव्याने ओढल्या, बॅटऱ्या उंच फळीवर बसवल्या, प्रत्येक वस्तूला वेगळा फ्यूज दिला. पंपाचं बटण असं केलं की ते हाताने दाबून धरलं तरच पंप चालेल. हौशीरामने एकदाही वाद घातला नाही. श्रीपादला त्याचीच काळजी वाटली.

एके दुपारी दोघं जेवायला आले नाहीत म्हणून अंबूबाई भाकरी घेऊन खाली उतरली. पाणी नव्हतंच, तेव्हा तिची हरकत नव्हती. बोटीपाशी आली आणि थांबली. बोट एका बाजूला कलंडून एका दगडाला टेकली होती. लांबट, मधे खोलगट दगड. तिने भाकरीचं फडकं हौशीरामच्या हातात दिलं आणि पदराने दगडावरचा गाळ पुसला.

"ही आमची डोण," ती म्हणाली. "बैलांना पानी पाजायची. हितं गोटा. आन् हे..." तिने दोन पावलं टाकली, "हे आमचं दार."

हौशीरामने दगडाकडे पाहिलं, टेकलेल्या बोटीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजी जनावर बराबर गोट्यात आलं की, अंबू."

अंबूबाई हसली. चैत्रापासून पहिल्यांदा. मग बोटीत चढली, बाकावर बसली, आणि विचारलं, "आता पानी आलं की ही वर उचलंल का?"

"उचलणार," श्रीपाद म्हणाला. "दोरी लांब ठेवली तर."

"मग मी हितनंच निगंन. मी जाईत न्हाई त्याच्याकडं. येऊ दे त्यालाच मला न्यायला."

पावसाळा लागला, पाणी चढू लागलं. बोट दुरून लांब दाव्याने बांधलेली. लावणी उरकल्यावर अंबूबाई रोज दुपारी सुपात तांदूळ घेऊन बोटीत जाऊन बसायची. डोण बुडाली, मग तिच्या दाराची जागा बुडाली. पाण्याने बोटीला वेढलं तसा हौशीराम तिला हात धरून नेऊ लागला, गुडघाभर पाण्यातून. तीही त्यातून चालत यायची, आणि ते बघूनही न बघितल्यासारखं करण्याएवढी अक्कल त्याला होती.

एका दुपारी सुपातले तांदूळ आपोआप एका बाजूला सरकले. बोट सरळ झाली होती. तरंगत होती.

"अवो," अंबूबाई म्हणाली, "माजी पाठवनी पत्र्याच्या शेडातनं झालती. दारातनं निगायचं राहिलंतं." तिने डोळे पुसले, वाकून पाण्यात हात बुडवला, ओल्या हातानेच कपाळावरचं कुंकू सारखं केलं. "चला आता."

हौशीरामने किती तयारी केली होती: रंगीत दिवे, भोंगा, एक गाणं. त्यातलं काहीच त्याला आठवलं नाही. त्याने इंजिन चालू केलं आणि बोट हळूहळू आपल्या काठाला आणली. पाण्याबरोबर वर सरकलेल्या धक्क्यावर श्रीपाद उभा होता. सवयीने हौशीरामने दोरी खुंटीला आवळून घेतली, नाक अगदी जवळ.

"आखूड नगा बांदू," अंबूबाई उतरता उतरता म्हणाली. "दिवाळीला मला पुना माहेरी जायाचंय."