तीन दगडांची जागा

दिवाळी पाडव्याच्या सकाळी, चुलीवरचा भात अर्धा कच्चा असताना, निलंग्याच्या पुढं नदीकाठच्या राईतून एका पिंजारी कुटुंबाला हाकलून दिलं. म्हातारी, तिचा मुलगा आणि दिवस भरत आलेली सून. कापूस पिंजायचं यंत्र टेम्पोवर बसवून गावोगाव गाद्या भरून देणारी ही माणसं. मी तिथं होते, म्हणून लिहिते.

आमच्या मुलखात झाड म्हणजे बाभूळ. पण पुलाशेजारून खाली उतरलं की करंज, जांभूळ, उंबर एकमेकांत असे घुसलेत की भर दुपारीही ऊन खाली पोचत नाही. ट्रकवाले, उरुसाला निघालेले, ऊसतोडीच्या टोळ्या, ज्याला थांबायचं तो थांबणार. पैसा नाही, परवानगी नाही. रिवाज एकच: चुलीचे तीन दगड जागेवर सोडायचे आणि पुढच्यासाठी वाळली लाकडं ठेवायची. मामाकडून परतताना आम्ही तिथंच जेवायचो. निघताना आई मला काटक्या वेचायला पिटाळायची. मी कुरकुरले की म्हणायची, "तू खाल्लीस ती खिचडी कुणाच्या लाकडावर शिजली?"

त्या सकाळी मी माझ्या शिकवणीची पत्रकं वाटत राईजवळून चालले होते. म्हातारीनं हाक मारली म्हणून चहाला थांबले. तेवढ्यात गावातल्या नव्या समितीचे दोघं साखळी आणि पाटी घेऊन आले. इथं आता तिकीट लावून पर्यटनस्थळ होणार होतं. त्यातले एक आमच्याच गल्लीतले काका. हे लोक घाण करतात म्हणाले. मी झुडपातली केकची खोकी दाखवली आणि वाढदिवस कुणाच्या पोराचा होता ते विचारलं. काका हसले. "तू पत्रकं वाट, पोरी. कारभार आम्ही बघतोय."

मुलानं हात जोडले. भात होईपर्यंत तरी थांबू द्या, बायको अवघडलेली हाय, एवढंच त्याचं म्हणणं. काकांनी पातेलं उतरवायला लावलं आणि चपलेनं एकेक दगड काठावरून पाण्यात लोटला. तापलेले दगड चर्र वाजले.

म्हातारी ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, उद्या तुझी लेक ह्याच रस्त्यानं आली, तर तिचा भात कशावर शिजंल?"

काका पाटी सरळ करत राहिले. मुलानं बायकोला टेम्पोतल्या कापसाच्या ढिगावर निजवलं. टेम्पोत चढण्याआधी म्हातारीनं उरलेली लाकडं उंबराच्या बुंध्याशी नीट रचली. अजून पुढच्यासाठीच.

वाटेत कळा सुरू झाल्या; सून उदगीरच्या दवाखान्यापर्यंत उपाशी गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. म्हणून झालं ते बरोबर होतं का?

मी दगड पाण्यातून काढून परत मांडले. दुसऱ्या दिवशी गायब. पुन्हा मांडले, पुन्हा गायब. ग्रामसभेत विचारलं, नदीचा काठ कुणाचा? उत्तर मिळालं, "तुझ्याबिगर कुणाची तक्रार न्हाई." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ताटावरून उठते, स्कूटी काढते, दगड आहेत का बघून येते. नसतात.

तर आता तुमच्याकडं मागते. हळहळ नको, फॉरवर्ड नको. ह्या रस्त्यानं याल तेव्हा डिकीत तीन दगड घाला. साखळी ओलांडा, चूल मांडा, भात शिजवा. कुणी हटकलं तर सांगा, तक्रार माझीपण आहे. आणि उठताना लाकडं ठेवा.