प्रार्थनेचं शेपूट

मी चौथीपर्यंत शिकलो, नगरकडे, मिशनच्या शाळेत. त्यामुळे जे लिहितो ते बोलल्यासारखंच होतं. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, दुःख हळूहळू कमी होतं. कमी होत नाही. माणूस थकतो, एवढंच.

आमच्या घरात रात्रीच्या जेवणाआधी प्रभूची प्रार्थना व्हायची. ती कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. प्रार्थना एकच. पण ती वाईटापासून सोडव म्हणण्यापाशी थांबायची आणि आमेन म्हणायची. आमच्यात त्यापुढे अजून एक ओळ असते, राज्य, सामर्थ्य, गौरव सगळं तुझंच आहे, अशी. ती ओळ मी एकटा म्हणायचो. तेवढा वेळ ती कालवणाच्या टोपाच्या झाकणावर हात ठेवून बसायची. माझं आमेन झालं की झाकण काढायची.

"संपलं तुमचं शेपूट?" असं विचारायची.

पुढे त्यांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, मराठीत आली. एक दिवस तिथून आली आणि म्हणाली, "अवो, तुमचं शेपूट आता आमच्या मिस्सेत पन हाय. फक्त मधी फादरचा एक तुकडा येतो, मंग शेपूट."

"चोरलंत," मी म्हटलं.

"मंग न्या परत," ती म्हणाली. घरात मात्र ती जुन्या जागीच थांबायची.

लग्न झालं तेव्हा मी शिरवण्यात खोली घेतली होती आणि तिथल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत बॉयलरवर होतो. ती उरणकडची, खाडीकाठची. लग्नाआधी फादरने माझ्याकडून एका कागदावर सही घेतली, की होणारी मुलं कॅथलिक होतील. माझा बाप त्या सहीसाठी वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मुलं झालीच नाहीत. सही फुकट गेली, बापाचं वर्षही फुकट गेलं.

तेव्हा जवळपास ना तिचं चर्च होतं ना माझं. तिच्यासाठी रविवारी एका शाळेच्या वर्गात मिस्सा व्हायची. लांबून फादर स्कूटरवर यायचा, मास्तरच्या टेबलावर पांढरी चादर पडायची, ती झाली वेदी. मी सोबत जायचो आणि शेवटच्या बाकावर बसायचो. पोरांची बाकं, गुडघे मावत नसत. बाकीचे गुडघ्यावर बसले की मी नुसती मान खाली घालायचो. आमच्या पाळकाची प्रार्थना मनाने चालायची, कधी अर्धा तास, त्यात गावातल्या भांडणांचाही उल्लेख यायचा. यांचं सगळं पुस्तकातलं, वेळेवर संपणारं. ते मला बरं वाटायचं, पण तिला कधी बोललो नाही. आमच्याकडे प्रभुभोजनात सगळ्यांना भाकरीचा तुकडा आणि लहान पेल्यात द्राक्षरस मिळतो. इथे जिभेवर पातळ पांढरी चकती, आणि ती माझ्यासाठी नाही. बायको रांगेत जाऊन यायची आणि नंतर बराच वेळ तोंड उघडायची नाही. तेवढ्या वेळात ती माझी बायको नाही असं वाटायचं.

पापकबुलीवरूनही आमचं व्हायचं. मी म्हणायचो, "देवाला सरळ सांग ना. मधे फादर कशाला? आणि माझ्याविषयी काय सांगतेस त्याला?"

"माजी पापं सांगते. तुमची सांगायला बसली तर फादरची बस चुकंल."

"त्याच्याकडे स्कूटर आहे."

"तरी पन."

शेजारच्या खोलीत मराठवाड्यातली एक बौद्ध बाई राहायची. नवरा कंपनीत, ती घरी शिवणकाम करायची. भिंत पातळ, तिला सगळं ऐकू जायचं. एकदा म्हणाली, "भाऊ, तुमचा दोघांचा येशू एकच हाय ना? मंग भांडता कशापायी?" मी म्हटलं, "एकच आहे म्हणूनच."

नंतर बायकोच्या पोटात गाठ निघाली. ऐंशीच्या पुढची गोष्ट. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही, घरी आणली. फादर येऊन कपाळाला आणि हातांना तेल लावून गेला. आमच्यात तेल नसतं. मी दारात उभा राहून बघत होतो.

तो गेल्यावर ती म्हणाली, "अवो, मी गेल्यावर माज्यासाठी प्रार्थना कराल ना? पोर असतं तर पोराला सांगितलं असतं. आमच्यात लागते ती. दोन नोव्हेंबरला कबरीवर मेनबत्ती लावायची आनि म्हनायची."

त्यांच्यात शुद्धिस्थान मानतात. मेलेला माणूस तिथे थांबतो आणि मागच्यांच्या प्रार्थनेने पुढे सरकतो. माझ्या बापाने मला शिकवलं होतं की श्वास गेला की जे व्हायचं ते झालं, मग कितीही बोंबला. मला खोटं बोलता येत नाही, तो माझा गुण आहे असं मी तोवर समजत होतो. मी म्हटलं, "मेल्यावर काही उपयोग नसतो. आत्ता करतो, हवी तेवढी."

ती "बरं" म्हणाली. वाद घातला नाही. तिने वाद घातला नाही असं आमच्या लग्नात पहिल्यांदाच झालं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या रात्री मी पेजेची वाटी घेऊन बसलो. प्रार्थना झाली. ती थांबायची तिथे थांबली नाही. माझी ओळ माझ्याबरोबर शेवटपर्यंत म्हणाली. पुढचे सगळे दिवस तसंच. मला आनंद झाला. वाटलं, शेवटी आली माझ्या बाजूला. आता कळतं, ती माझ्यासाठी एवढी आली होती. मी तिच्यासाठी एक पाऊल सरकलो नव्हतो.

तिला मातीत ठेवताना फादरने प्रार्थना म्हटली. सगळे थांबले. मी सवयीने पुढची ओळ म्हणत गेलो, एकटाच, मोठ्याने. लोक वळून बघायला लागले. मी मधे थांबलो नाही, कारण तिचा आवाज अजून येईल असं वाटत होतं. फादर माझं संपेपर्यंत हातात माती धरून उभा राहिला.

सातव्या दिवसाच्या मिस्सेला मी गेलो नाही. महिन्याच्याही नाही. बोललो होतो ना, उपयोग नसतो म्हणून.

नोव्हेंबर आला. दोन तारखेला संध्याकाळी मी कंपनीतून आलो तर शेजारची बाई धुतलेलं लुगडं नेसून माझ्या दारात उभी. हातात मेणबत्तीचं पाकीट.

"भाऊ, कबरस्थान कोणत्या बसनं जायाचं?"

"तुम्हाला काय काम तिथं?"

तिने पाकीट पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "वहिनींनी मला सांगून ठेवलं व्हतं. म्हनल्या, ह्यांना पटत नाय, त्यांना आग्रह करू नको, तूच एक मेनबत्ती लाव. लावते म्हनलं. आमच्याकडंबी लावत्यात की. पर तुमचं काय म्हनायचं असतं ते मला येत न्हाई. म्हनून इचारते, नुसती लावली तर चालंल का?"

चप्पल पायातच होती. दाराचं कुलूप न काढताच तिच्याबरोबर निघालो.

कबरस्थानात गर्दी होती. प्रत्येक कबरीवर झेंडूची फुलं, मेणबत्त्या, घरची माणसं. आमच्या मातीवर अजून क्रूससुद्धा लाकडाचाच होता. बाईने मेणबत्ती लावली. खाडीवरचा वारा होता, विझली. तिने परत लावली आणि पदराचा आडोसा धरून खाली बसली. मी उभा होतो. मग गुडघ्यावर बसलो. त्या शाळेच्या वर्गात इतकी वर्षं कधी बसलो नव्हतो.

प्रार्थना म्हटली. ती थांबायची तिथे आलो आणि थांबलो. पुढची ओळ तोंडात आली होती, ती गिळली.

बाईने आडोसा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "झालं का भाऊ?"

"झालं," मी म्हटलं.

तेव्हापासून दरवर्षी जातो. बाई पुढे मुलाकडे नावड्याला राहायला गेली, तरी पहिली दोन-तीन वर्षं यायची. उपयोग होतो का, मला माहीत नाही. बापाने शिकवलेलं अजून डोक्यात तसंच आहे, ते जात नाही. पण माझ्या बायकोने शेवटी शेजारणीला सांगितलं, मला परत विचारलं नाही. आता गुडघे वळत नाहीत, म्हणून उभ्यानेच म्हणतो. घरी जेवताना माझी ओळ म्हणतो. तिथे म्हणत नाही.