रंग उडालेली पेशी

आमच्या संस्थेतली सूक्ष्मदर्शकाची खोली एक जुने तंत्रज्ञ सांभाळतात. बिबवेवाडीहून स्कूटरवर येतात आणि आल्या आल्या एसीच्या दिव्यावर लावलेली काळी चिकटपट्टी अंगठ्याने पुन्हा दाबतात. अंधारात जरासाही उजेड त्यांना खपत नाही. पेशीचा सांगाडा चमकत्या रंगाने रंगवून मी स्लाइड नेली, की दर वेळी ऐकवतात, "बघत बसू नका. प्रकाशाने रंग उडतो. फोटो काढून घ्या आणि निघा."

आठवडाभर खपून मंगळवारी एकच पेशी मनासारखी रंगली होती. स्लाइड फोटोसाठी त्यांच्या हाती देऊन मी चहाला गेले. परत आले तर ते डोळा लावून बसलेले. मी वाकून पाहिलं. सगळा काळोख.

"अहो, फोटो?"

"काढला नाही."

"रंग उडाला की सगळा!"

"हो. बघत बसलो."

त्यांनी स्वतःच तक्रारवही माझ्यापुढे सरकवली. पेन उघडून दिलं. "लिहा."

मला चिडायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं, "कशी दिसत होती?"

"मला काय विचारता? पेशी तुमची. चार वर्षं रंगवताय, एकदा तरी डोळा लावून बसायचं."

चार वर्षं मला बसू न देणारा माणूस हे सांगत होता. मी वहीत तारीख घातली. पुढे काय लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही.