ज्याचा बैल, त्यानं खोड सांगावी

सन दोन हजार चोवीस. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि दात सोडले तर बाकी सगळं शाबूत होतं. शाळा मी तिसरीपर्यंत केली. पुढं बापाच्या मागं बैलबाजारात गेलो, तो परत वर्गात काही बसलो नाही. मौदा, उमरेड, पारशिवनी, जिथं बाजार भरे तिथं बैलांची दलाली केली, आणि त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. माणसं पुस्तकं वाचतात, मी बैलांचे दात वाचले. म्हातारपणी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा नागपूरला लेकाच्या घरी राहायला आलो.

आमची वस्ती नाल्याच्या दोन्ही बाजूंना आहे. समाजभवन मात्र एकच. लग्न, बारसं, तेरवी, जयंती, सगळं तिथंच. त्याची कमिटी आहे आणि दर तीन वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक होते. आतापर्यंत अध्यक्ष कायम नाल्यापलीकडचाच. कारण साधं होतं. पलीकडून एक माणूस उभा राही, अलीकडून दोन. आमची मतं आमच्यातच वाटली जायची आणि पलीकडचा गुलाल उधळायचा. म्हणून त्या साली ठरलं, की आधी आपल्यातून एकच माणूस निवडायचा आणि मगच मैदानात उतरायचं.

इच्छुक दोन होते. एक सिस्टरबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर, एकट्याच राहतात. दुसरे माझे इवाई, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. एसटीत कंडक्टर होते. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. लेक तिथं सुखात आहे, आणि माझ्या मते त्या सुखात माझाही हात आहे. स्थळ मीच पाहिलं होतं.

पहिली बैठक झाली ती बैठक नव्हती, भांडण होतं. सिस्टरबाईंच्या बाजूनं आमचा टेलर होता. तो म्हणाला, "बाईसारखा माणूस अख्ख्या नागपुरात नाई." इवायांच्या बाजूचा एक जण म्हणाला, "दवाखाना वेगळा न् समाजभवन वेगळं. इथं काय सलाइन लावा लागते?" मग टेलर म्हणाला, "अन् इथं काय तिकीट फाडा लागते?" अर्धा तास हेच. जो तो आपल्या माणसाची आरती करत होता आणि दुसऱ्याच्या नावानं शिमगा. मी उठून उभा राहिलो.

"असा सौदा होत नसते गा," मी म्हणालो. "मौद्याच्या बाजारात ज्या बुढ्याच्या हाताखाली मी शिकलो, त्याचा एक नेम होता. ज्याचा बैल, त्यानं खोड सांगावी. मारका हाये, चिखलात बसते, डाव्या अंगाले जुपला तं चालत नाई, सगळं आधी सांगून टाका. गुण समोरच्यानं सांगावा. असा घेतलेला बैल कोणी वापस आणत नव्हतं, काहून का लपवलेलं काईच नव्हतं. येत्या रविवारी तसंच करू. टेलर, तू बाईच्या खोडी सांगशील न् इवायाचे गुण. इवाई माह्या बाजूचे, त्यायच्या खोडी मी सांगतो."

सगळे हसले. इवाईसुद्धा हसले. "सांगा जी, सांगा," ते म्हणाले, "आमच्यात हायेच काय सांगासारखं?"

घरी आल्यावर बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ताटात भाकर टाकली आणि समोर बसली. ती अशी समोर बसली की मला समजतं.

"मी आयकलं तं खरं हाये का?"

"खरं हाये."

"इवायाच्या खोडी तुमी सांगसान? अख्ख्या वस्तीपुढं?"

"नेम हाये."

"तुमचा नेम गेला चुलीत. पोरगी त्या घरात नांदते, तिले त्यायच्याच ताटात वाढा लागते. तुमी बोलून मोकळे, न् तोंड चुकवत फिरन पोरगी."

"लपवाछपवी केली तं मी दलाल कायचा?"

"दलाली सोडून तुमाले बारा वर्सं झाले," बुढी म्हणाली आणि भाजी न वाढताच उठली. त्या रात्री मी भाकर मिठाशी खाल्ली, पण मागं हटलो नाही.

रविवारी सकाळी समाजभवनाच्या ओसरीत चटया टाकल्या. थंडीचे दिवस, त्यामुळे सगळे उन्हाच्या पट्ट्यात सरकून बसलेले. तर्री-पोह्याची गाडी लावणारा आमचा गडी त्या दिवशी गाडी लवकर आवरून चहाची किटली घेऊन आला. बायका उजवीकडे, माणसं डावीकडे. सिस्टरबाई पांढऱ्या स्वेटरमध्ये, पाठ ताठ. इवाई समोरच्या खांबाला टेकून. सुनेनं इस्त्री करून दिलेला सदरा त्यांनी घातला होता. ती सून म्हणजे माझी लेक.

टेलरनं सुरुवात केली. "बाईची खोड म्हणाल तं, बाई जास्तच खरं बोलते. अन् काम लय करते. सोताच्या तब्येतीकडं पाहत नाई."

"अबे, ह्या खोडी हाये का हार हाये?" मी म्हणालो. "दुधाळ गाईची खोड काय, तं दूध जास्त देते! नीट सांग."

टेलर बाईंकडे पाहून घाबरला. बाईच बोलल्या, "सांग गा, सांग. मी काय तुले सुई टोचून राहिली?"

मग त्यानं सांगितलं. बाई कोणाला विचारत नाहीत, आधी करतात आणि मग सांगतात. माणूस दोन शब्द जास्त बोलला की मध्येच तोडतात. पलीकडच्या लोकांशी गोड बोलणं त्यांना जमत नाही, आणि समाजभवनाचं अर्धं काम गोड बोलण्याचंच आहे. बाई मान हलवत होत्या. एका जागी म्हणाल्या, "हे बरोबर हाये."

मग मी उभा राहिलो. मला आठवतं, उभा राहिलो तेव्हा मला बरं वाटत होतं. चांगला बैल बाजारात उभा करताना वाटायचं तसं.

"आमचे इवाई कानाचे कच्चे हाये," मी म्हणालो. "जो शेवटी बोलला तो त्यायले खरा वाटते. दुसरं, त्यायले कोणी मोठं म्हटलं का ते पाघळले. मागं पलीकडच्यानं 'तुमीच आमचे वडील' म्हटलं, तं आपल्या तारखेले भवन त्याले देऊन बसले. आपलं बारसं मंग आपण रस्त्यावर केलं."

लोक माना डोलवू लागले. बारसं सगळ्यांना आठवत होतं.

"अन् तिसरी खोड सगळ्यात मोठी. इवाई रुसतात."

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोड सांगायची तर दाखल्यासकट सांगायची, नाहीतर घेणारा विश्वास ठेवत नाही.

"माह्या पोरीच्या लग्नात फेटे बांधणारा एकच होता. त्यानं आधी नवरदेवाले बांधला, मंग मामाले बांधला, न् नवरदेवाच्या बापाची पाळी तिसरी आली. तं नवरदेवाचा बाप कुठी? मांडवात नाई, जानवशात नाई. वऱ्हाड धुंडून राहिलं. मी सायकल काढली. हे एसटी स्टँडवर बाकड्यावर बसून! उमरेडची गाडी लागली होती, त्यातले कंडक्टर यायच्या वळखीचे. हे मले म्हणाले, 'मी ड्युटीवर चाललो.' लग्नाच्या दिवशी! मी त्यायले सीटपुढं नळीवर बसवून मांडवात आणलं."

ओसरी हसून लोळली. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. पोहेवाल्याच्या किटलीतून चहा चटईवर सांडला. कोणीतरी ओरडलं, "डबल बेल!" आणि परत हशा.

मी इवायांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. ते उठायला लागले. एक गुडघा वर आला, हात खांबावर गेला. तेवढ्यात टेलर म्हणाला, "पाहा, पाहा, चालले स्टँडवर!"

आणि इवाई परत बसले. उठले असते तर माझी तिसरी खोड जागेवर खरी झाली असती. बसले, मांडी घट्ट घातली आणि पुढचा पाऊण तास त्या चटईवरून हलले नाहीत. चहासुद्धा घेतला. पण माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी बाजारात पुष्कळ बैलांना खाली मान घालून उभं राहिलेलं पाहिलं आहे, माणसाला तसं बसलेलं पाहायला बरं वाटत नाही.

इवायांचे गुण सांगायची पाळी टेलरची होती, पण सिस्टरबाई स्वतःच बोलल्या. "करोनाच्या साली मी कोणालेबी हाक मारली तं लोक खिडकीतून बोलत. हा माणूस चप्पल न घालता येत होता. स्ट्रेचरचं एक टोक माह्या हाती न् एक यायच्या हाती. कोणाचा कोण, हे कधी विचारलं नाई." ओसरीतला हशा बसला. इवाई चटईची काडी उपटत राहिले.

मग हात वर करायचे होते. सिस्टरबाईंसाठी कितीतरी हात गेले, बायकांचे तर सगळे. इवायांसाठी गेले ते थोडे. त्यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात उंच गेला तो माझा. लोक माझ्याकडे वेड्यासारखे पाहू लागले. टेलर म्हणाला, "काका, एवढं बोलून?" मी हात खाली केला नाही. बाई आमच्या उमेदवार ठरल्या. इवायांनी टाळ्या वाजवल्या आणि हळूच घरी गेले. पुढं निवडणूक बाईंनी जिंकली, पण माझ्या मनात राहिला तो हा रविवारच.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. बुढीनं तो उचलून माझ्या हातात दिला आणि तिथंच उभी राहिली.

"बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली, "मामाजी दुपारपासून जेवले नाई. पोट भरलं म्हणतात. माह्याशी बोलून राहिले, पण तिकडं तोंड करून. सकाळी मी कोणत्या तोंडानं चहा देऊ?"

"मी खोटं बोललो काय वं?"

"खोटं नाई बोलले. पण ते तं माह्या लग्नातलं होतं ना, बाबा."

मी फोन ठेवला. त्या रात्री बुढीनं भाजी मात्र वाढली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी डबा घेऊन पोहेवाल्याकडे गेलो. पोहे वेगळे, तर्री वेगळी, वर कांदा, असं बांधून घेतलं आणि इवायांचं घर गाठलं. ते ओट्यावर पेपर वाचत होते. मला पाहून पेपर आणखी वर केला. मी डबा मध्ये ठेवला आणि खाली बसलो.

पेपरामागूनच आवाज आला. "एवढं बोलले, तं हात काहून वर केला?"

"खोड सांगून घेतलेला बैल वापस करत नसतात, इवाईबुवा. मी तं तुमाले पोरीच्या लग्नातच घेतलं. खोड सायकलीवर बसवून आणली होती."

पेपर थोडा खाली आला. मिशी हलल्यासारखी वाटली.

"आता माह्या सांगा," मी म्हणालो. "नेम तुमालेबी हाये."

त्यांनी पेपराची घडी घातली, मांडीखाली ठेवली आणि सुरू झाले. तोंडाला लगाम नाही. हट्टी. दुसऱ्याच्या घरी येऊन आपलाच नेम चालवतो. बायकोचं ऐकत नाही. हसवायला मिळालं की माणूस पाहत नाही. लेक दारात चहा घेऊन उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. मी सगळं मान खाली घालून ऐकलं.

मग ते म्हणाले, "अन् बैलातलंबी तुमाले खास काई समजत नव्हतं."

हे मी ऐकून घेतलं नाही. तिथंच वाद सुरू झाला. पारशिवनीच्या बाजारातल्या तांबड्या बैलांच्या एका जोडीची गोष्ट निघाली, मग दुसरी निघाली, आणि लेकीला पोहे दोनदा गरम करावे लागले.