एका क्रियापदाचा महिना

जसोंडीला बहिणीकडे गेलो होतो. कापसाची वेचणी चालू होती, दुपार पांढरी पडली होती आणि बांधावर बसल्या बसल्या मला डुलकी लागत होती. बऱ्हाणपुराकडून आलेल्या टांगेवाल्यानं टांगा थांबवला, खाली न उतरताच तो म्हणाला, "मास्टरजी चल बसे, बाबू." कोणते मास्टरजी हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बऱ्हाणपुरात मास्तर पुष्कळ, पण ज्यांच्यासाठी माझ्यापर्यंत निरोप धाडावा असे एकच होते... आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे गोविंदमास्तर. ते गेले त्याला आता दीड महिना झाला. अजूनही उन्हं कलली की माझे पाय आपोआप तापीवरच्या राजघाटाकडे वळतात, कारण पंधरा वर्षं आम्ही दोघं रोज तिथंच फिरायला जात होतो.

मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा अजब होती. इंग्रजीतलं एक साधं क्रियापद घ्यायचं आणि महिनाभर त्यालाच धरून बसायचं. आधी ते हातापायांनी करायचं, मग त्याचे बाकीचे अर्थ. मी त्याच शाळेत संस्कृत शिकवायचो; माझ्या वर्गात धातू पाठ होत, त्यांच्या वर्गात धातूंना घाम फुटे. 'ड्रॉ'चा महिना मला विशेष आठवतो. सगळा वर्ग घेऊन ते लालबागेत कुंड्यांवर गेले, आणि मीही मागे मागे गेलो. जमिनीखालून वाहणारं पाणी, त्यावर ओळीनं बांधलेल्या विहिरींसारख्या त्या गोल कुंड्या, वाकून पाहिलं की तोंडावर येणारा गारवा... पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. प्रत्येक मुलानं दोर सोडून एकेक बादली शेंदायची. दुसऱ्या दिवशी मुलांनी रिकामी बैलगाडी ओढली. तिसऱ्या दिवशी फळ्यावर रेघा. एके सकाळी तर मास्तरांनी आपली हलणारी दाढ वर्गातच न्हाव्याकडून उपटून घेतली, कारण साहेब दातसुद्धा 'ड्रॉ'च करतो. चूळ भरून ते मुलांना म्हणाले, "पाणी शेंदलं, गाडी ओढली, रेघ मारली, दाढ काढली. आपल्याकडे चार शब्द, साहेबाकडे एकच. आता डोळे मिटा न् श्वास घ्या. तोही ड्रॉच." सगळा वर्ग डोळे मिटून श्वास घेत बसलेला मी दारातून पाहिला आणि क्षणभर मला आपण अजून कुंडीच्या काठावरच उभे आहोत असं वाटलं. त्यानंतर मग बाकीचे अर्थ : माणूस हळूहळू जवळ येतो तो, निष्कर्ष निघतो तो, कुणी कुणाला आपल्याकडे ओढून घेतं तो. "दोरानं तळवा लाल झाल्याबिगर पुढचे अर्थ कळत नाहीत, वामनराव," असं ते मला म्हणत.

नेमका एका कापडवाल्याच्या मुलाचा तळवा दोरानं सोलला, आणि त्याचे वडील शाळेत येऊन बसले. "पोराले इंग्रजी शिकाले धाडलं, का पानी भराले?" हेडमास्तरांना मास्तरांचा हा पसारा आधीपासूनच खटकत होता. खांडव्याला वरिष्ठांकडे तक्रार करायचं ठरलं. मसुदा चांगल्या इंग्रजीत हवा, आणि मास्तरांखालोखाल इंग्रजी माझंच बरं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. बोलण्याच्या ओघात त्यांनी त्याचीही आठवण करून दिली. मी मसुदा लिहिला. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे आणि मला त्याची लाज वाटते. पक्की प्रत कारकुनानं केली, सही हेडमास्तरांची, तेव्हा माझं अक्षर कुणाच्या दृष्टीस पडणार नाही असं मी धरून चाललो. महिन्याभरात मास्तरांकडून वरचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना एबीसीडीच्या मुलांवर बसवलं. त्यांचा वर्ग मला मिळाला, नोकरीही कायम झाली. मी पुस्तकातून शिकवलं, मुलं पास झाली.

मास्तर रागावले नाहीत. त्या संध्याकाळीही नेहमीसारखे दारात आले आणि म्हणाले, "चला, वामनराव." तापीच्या पायऱ्यांवर आम्ही बसत असू. किल्ल्याची सावली पाण्यावर लांबत जाई, धोबी वाळलेले कपडे गोळा करीत, पलीकडचा काठ धुरकट होत होत नाहीसा होई. मास्तर बोलता बोलता मध्येच थांबत आणि माझ्याकडे पाहत राहत... मला वाटे, वय झालं, शब्द आठवत नसेल. मी काहीतरी पीकपाण्याचं काढी आणि ती जागा भरून टाकी. सांगून टाकायचं असं घरून रोज ठरवून निघालो, आणि रोज तसाच परत आलो. त्यांच्या शेवटच्या आजारातही तेच ठरवून गेलो होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. "औषध वेळेवर घेता ना?" एवढंच मी विचारलं आणि उठलो.

परवा त्यांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, निरोप पाठवून बोलावलं. "बसा भाऊजी, चाय ठेवते," असं म्हणून त्यांनी घडी घातलेला एक कागद माझ्या हातात दिला. माझाच मसुदा होता. मास्तरांकडे खुलासा मागताना हेडमास्तरांनी घाईत तोच जोडून दिला होता. म्हणजे मास्तरांना पहिल्या आठवड्यापासून सगळं ठाऊक होतं. कागदभर लाल शाई होती. मुलांच्या निबंधाला लावत तशाच खुणा... सुटलेली दोन आर्टिकलं घातलेली, एक लांबलेलं वाक्य तोडलेलं. 'हे गृहस्थ मुलांना पुस्तकापासून दूर ओढतात' असं मी इंग्रजीत लिहिलं होतं, त्यातल्या 'ड्रॉ'खाली रेघ मारून त्यांनी समासात मराठीत लिहिलं होतं, 'वापर अचूक.' मला पुढचं दिसेना.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. "आधी मी भांडायची त्यांच्याशी, त्या माणसाबरोबर फिरायला कशाला जाता म्हणून. मग भांडणं सोडलं. फिरून आले की नुसतं विचारायची, बोलले का भाऊजी? चपला काढता काढता ते म्हणायचे, आज नाही. उद्या बोलतील."